लॅपटॉपलाही श्वास घेऊ द्या

कष्टकऱ्याच्या घरात कोणतीही मोठी वस्तू सहजासहजी येत नाही. ती हप्त्याहप्त्याने येते. म्हणूनच आमच्या वडीलधाऱ्यांनी सायकल असो की शिलाई मशीन, वेळच्या वेळी तेल घालून, फडक्याने पुसून वर्षानुवर्षे वापरली. आज मुलांच्या शिक्षणासाठी घराघरांत लॅपटॉप आला आहे. त्याला तेल लागत नाही, पण हवा मात्र लागते.

आमच्याकडे एकच लॅपटॉप आहे. त्यावर मुलगी कॉलेजचा अभ्यास करते, मुलगा गणिते शिकतो आणि रात्री आम्ही मंडळाचा जमाखर्च लिहितो. खोली एकच, वर पत्रा; त्यामुळे अभ्यास गादीवर बसूनच होतो. गेल्या उन्हाळ्यात हे यंत्र तापून मध्येच बंद पडू लागले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना दोनदा तसे झाले, तेव्हा मुलगी रडकुंडीला आली. एका दुरुस्तीवाल्याने तर यंत्र न उघडताच मदरबोर्ड बदलायला सांगितले.

आम्ही पडलो हिशेबाची माणसे. पैसा खर्चण्याआधी कारण शोधावे, ही आमची सवय. लॅपटॉप उलटा करून पाहिला, तर पोटाशी बारीक जाळी दिसली. बहुतेक लॅपटॉपमधला पंखा याच जाळीतून गार हवा आत ओढतो आणि गरम हवा बाजूने किंवा मागून बाहेर टाकतो. खालचे रबरी पाय टेबलावर थोडी फट ठेवतात. गादीत मात्र ते रुततात आणि जाळी बंद होते. आतला प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला, की यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी आधी मंद होते आणि तरीही तापत राहिले तर बंद पडते.

हे आमच्या पत्नीला सांगितले, तर ती म्हणाली, "यात नवल काय? तव्यावरची भाकरी ताटात ठेवली तर खालून घामेजते, म्हणून आपण दुरडीत ठेवतो." आम्हाला याहून सोपे सांगता आले नसते!

लॅपटॉपची ही दुरडी म्हणजे घडीचा स्टँड. काही शे रुपयांत मिळतो, दप्तरात मावतो, त्याला वीज लागत नाही. घेताना मधला भाग मोकळा आहे ना आणि वजन ठेवल्यावर डगमगत नाही ना, एवढे पाहावे. तेवढेही पैसे नसतील, तर टेबलावर किंवा लाकडी पाटावर मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची एकसारखी झाकणे ठेवावीत; जाळी मात्र झाकू नये.

आमचा लॅपटॉप पाटावरच्या स्टँडवर ठेवल्यापासून मध्येच बंद पडला नाही. मुलीचा अर्जही मुदतीत गेला. तरीही स्टँड म्हणजे जादू नव्हे. खोलीतल्या हवेपेक्षा यंत्र गार होऊ शकत नाही. म्हणून पत्र्याखाली भर दुपारी जड काम टाळून ते सकाळी करावे. पंख्यात धूळ साचली असेल तर ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. सततच्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही घटते.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. तापलेला लॅपटॉप रोज तासन्‌तास मांडीवर ठेवल्यास कातडीवर जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग उठू शकतात. शेगडीजवळ सतत बसणाऱ्यांनाही असेच डाग पडतात. स्टँडमुळे हे टळते. पडदा वर आल्याने मानही कमी वाकते. मात्र उंच ठेवलेल्या लॅपटॉपवर फार वेळ टायपिंग केल्यास मनगटे दुखतात. त्यासाठी वेगळा कीबोर्ड जोडावा.

आपल्या मुलांचा अभ्यास ज्या यंत्रावर चालतो, त्याची रचना घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावी. ती समजली की यंत्रही टिकते आणि अडाणी समजून कोणी आपला खिसा कापू शकत नाही.