पाण्यातलं अधांतर

मराठवाड्यातला माणूस पाण्याशी कायम वरून बोलत आला. विहिरीच्या काठावरून वाकून, बारवेच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून, धरणाच्या भिंतीवरून डोळे भरून पाहत. नाथसागराची पातळी 1522 फुटांना टेकली की धरण भरलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. आपल्यासाठी पाणी म्हणजे पातळी, टक्केवारी आणि आवर्तन. त्याच्या पोटात शिरून तिथं निवांत थांबावं, असं आपल्या वाडवडिलांना सुचण्याचं काही कारण नव्हतं. पोहणंसुद्धा आपण वर राहण्यासाठी शिकलो. पाठीला वाळका भोपळा नाही तर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, एखाद्या मामानं विहिरीत ढकलून द्यायचं आणि पोरानं हातपाय मारत काठ गाठायचा. पोराचं डोकं पाण्याबाहेर ठेवलं की भोपळ्याचं काम संपलं.

छत्रपती संभाजीनगराहून रात्रभराचा प्रवास करून मालवणला, तारकर्लीला गेलेल्या तरुणांना स्कूबाचं जाकीट पहिल्यांदा दिसतं, तेव्हा ते त्या भोपळ्याच्याच घराण्यातलं वाटतं. ते खरंही आहे. हवेची पोकळी जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी ती वर ढकलली जाते, हा आर्किमिडीजचा नियम दोघांनाही सारखाच लागू. पण भोपळ्यातली हवा कमी-जास्त करता येत नाही, जाकिटातली येते. एका बटणानं सिलिंडरमधली हवा आत घ्यायची, दुसऱ्या बटणानं ती बाहेर सोडायची. या दोन बटणांच्या मधे एक तिसरी अवस्था सापडते. वर ओढ नाही, खाली ओढ नाही, शरीर जिथं आहे तिथंच राहतं. स्कूबाचा सगळा आनंद मला त्या अवस्थेत दिसतो. जाकीट निवडायचं ते तिथवर पोचण्यासाठी.

ही अवस्था आपल्या जिल्ह्याला अनोळखी नाही. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत अप्सरांसह आकाशातून येणारा इंद्र पाहावा. वेरूळच्या कैलासावरचे उडते विद्याधर पाहावेत. त्यांना पंख नाहीत. धड तिरकं झुकलेलं, गुडघे दुमडून पाय मागं गेलेले, आणि चेहऱ्यावर धडपडीचा लवलेश नाही. पाण्याखाली तोल साधलेला डायव्हर असाच दिसतो. अंग आडवं, गुडघे दुमडलेले, फिन्स तळापासून वर उचललेल्या, हात शांत. वजनाचा पाश सुटल्यावर माणसाचं शरीर कसं वागेल, याचा विचार आपल्या चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी शतकांपूर्वी करून ठेवला होता. अनुभव घ्यायला मात्र समुद्रापर्यंत जावं लागतं.

जाक कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी 1943 साली फ्रान्समध्ये अ‍ॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचं उपकरण तयार केलं, तेव्हा असं जाकीट नव्हतंच. ते सुरुवातीचे डायव्हर कमरेला शिसं बांधून उतरत आणि बाकीचा तोल श्वासावर सांभाळत. 1961च्या सुमारास मॉरिस फेन्झी यांची गळ्यात घालायची फुगती पिशवी आली, आणि 1971मध्ये स्कूबाप्रो कंपनीनं अंगात घालायचं जाकीट बाजारात आणलं. आज त्याला सगळे बीसीडी म्हणतात. हा क्रम ध्यानात ठेवावा. श्वास आधीचा आहे, जाकीट नंतरचं. अजूनही बारीक तोल फुप्फुसंच सांभाळतात. अर्धा लिटर जास्तीचा श्वास आत गेला की शरीर हळूच वर सरकतं, तो सोडला की खाली बसतं. श्वास रोखायचा कधीच नाही, फक्त त्याची लय लांबवायची. फुप्फुसांच्या आवाक्याबाहेरचं जे उरतं, तेवढंच काम जाकिटाचं.

ते काम का उरतं, हे समजायला आपल्या पाणचक्कीची आठवण उपयोगी पडते. मलिक अंबरची नहर काय किंवा पाणचक्कीचं पाणी काय, दुरून जमिनीखालच्या नळांतून आलं आणि निव्वळ उंचीच्या जोरावर पुन्हा वर चढलं. पाण्याची उंची म्हणजेच दाब. समुद्रात दर 10 मीटर खाली गेलं की एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे जाकिटात पृष्ठभागावर 4 लिटर असलेली हवा 10 मीटरवर 2 लिटर होते आणि 30 मीटरवर फक्त 1 लिटर उरते. वेटसूटच्या रबरातले हवेचे बुडबुडेही असेच आकसतात. खाली जाताना माणूस जड होत जातो, म्हणून जाकिटात थोडी हवा घ्यावी लागते. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून ती वेळेवर सोडावी लागते.

आता समजा, कमरेला गरजेपेक्षा 2 किलो शिसं जास्त बांधलं आहे. 10 मीटरवर ते तोलून धरायला जाकिटात 2 लिटर हवा जास्तीची लागेल, आणि वर येता येता ती 4 लिटर होऊ पाहील. ती सोडायला उशीर झाला तर डायव्हर स्वतःच्या इच्छेविरुद्ध वर खेचला जातो, आणि वेगानं वर येणं हे या छंदातलं मोठं संकट आहे. वजन जास्त म्हणून हवा जास्त, हवा जास्त म्हणून हेलकावे जास्त. बीसीडी निवडण्याचं सगळं शहाणपण या एका साखळीत आहे. ज्यात आपल्याला कमीत कमी हवा भरावी लागेल, ते जाकीट आपलं.

त्यामुळे जाकिटाच्या आधी वजन ठरवावं. जाकीट पूर्ण रिकामं करून, साधा श्वास घेऊन पाण्यात उभं राहिलं, तर पाणी डोळ्यांच्या रेषेला यायला हवं. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरमधली हवाही अडीच किलोच्या आसपास वजनाची असते. ती संपत आली की सिलिंडर तरंगू लागतो, म्हणून डुबकीच्या शेवटी 5 मीटरवर तीन मिनिटं स्वस्थ थांबता येतं का, हीच खरी परीक्षा. आपल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या लोकांसाठी आणखी एक हिशेब आहे. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. सगळ्या साहित्यासह आपलं वजन 100 किलो भरत असेल, तर इथल्या तरणतलावात जुळलेला तोल अरबी समुद्रात अडीच किलोंनी चुकतो. तेवढं शिसं तिथं वाढवावं लागतं.

मग येते निवड. सर्वांत जास्त दिसतं ते जाकिटाच्या घाटाचं बीसीडी. त्यातली हवा पाठीला, कुशीला, पोटाशी पसरते, पृष्ठभागावर माणूस सरळ उभा राहतो, खिसेही भरपूर असतात. म्हणून शिकवण्यासाठी आणि भाड्यानं देण्यासाठी बहुतेक केंद्रं तेच ठेवतात. पूर्ण फुगलं की ते छाती-पोट आवळतं, आणि पाण्याखाली पाय खाली लोंबायची सवय लावतं. दुसऱ्या प्रकारात हवेची पिशवी फक्त पाठीवर असते. पाण्याखाली अंग आपसूक आडवं होतं. पृष्ठभागावर जास्त हवा भरली तर ते तोंडघशी ढकलतं, तेव्हा थोडं मागं रेलायला शिकावं लागतं. तिसरा प्रकार बॅकप्लेट आणि विंगचा. पाठीला धातूची पट्टी, तिच्यातून ओवलेला पट्टा आणि मागं हवेची पिशवी. पट्टा आपल्या मापाचा करता येतो, झिजलेला भाग तेवढाच बदलता येतो, आणि पट्टी पोलादी असेल तर कमरेचं दोन-अडीच किलो शिसं पाठीवर सरकतं. एकदा नीट बसवलेली विंग वर्षानुवर्षं साथ देते. ज्याला हा छंद जिवाभावानं जोपासायचा आहे, त्याला मी तीच सुचवीन.

पिशवी किती मोठी हवी? आपलं पाणी उबदार आहे. मालवण, गोवा, नेत्राणी किंवा अंदमानात 3 मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. आकसलेल्या सूटची भरपाई, सिलिंडरमधल्या हवेचं वजन आणि पृष्ठभागावर डोकं नीट वर राहण्यापुरती राखीव ताकद मोजली, तर 13-14 किलो उचलणारी पिशवी एका सिलिंडरला भरपूर झाली. जास्त मोठी घेतली तर सैल पिशवीत हवा इकडून तिकडे पळते आणि पोहताना पाणी अडतं. मोठं ते सुरक्षित, हा भोपळ्याच्या काळचा हिशेब इथं उलटा पडतो.

आपल्या शहरातल्या गुलमंडीत किंवा निराला बाजारात बीसीडी टांगलेलं दिसत नाही. ते मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं, म्हणून आधी डायव्हिंग केंद्रावर निरनिराळे प्रकार भाड्यानं वापरून पाहावेत आणि मगच पैसे घालावेत. अंगात घातल्यावर पूर्ण फुगवून मोकळा श्वास घेता येतो का ते पाहावं. खांद्यांना धरून कुणी वर उचललं तर जाकीट कानांपर्यंत सरकता कामा नये. डाव्या हाताला इन्फ्लेटर, म्हणजे हवा घ्यायची-सोडायची बटणं असलेली नळी, न शोधता सापडावा, हवा सोडायच्या दोऱ्या आडवं असतानाही हाती याव्यात, वजनाचे खिसे एका ओढीत सुटावेत. स्त्रियांसाठी खांद्याचा आणि छातीचा वेगळा घाट असलेली जाकिटं मिळतात. भावाचं किंवा नवऱ्याचं जाकीट आवळून घालण्यापेक्षा तीच घ्यावीत. अंदमानला विमानानं जायचं असेल तर बॅगेतला एकेक किलो महत्त्वाचा, तिथं हलकं जाकीट बरं.

घरी आणल्यावर त्याला गोडं पाणी लागतं. आतून न धुतल्यास मिठाचे खडे पिशवीला इजा करतात. ज्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी येतं, तिथं एक बादली जाकिटावर खर्च करताना मन कचरतं. म्हणून पहिली धुलाई किनाऱ्यावरच्या केंद्रात उरकावी. घरी तांब्याभर पाणी इन्फ्लेटरमधून आत ओतावं, हलवून काढून टाकावं, थोडी हवा भरावी आणि जाकीट सावलीत वाळवावं.

हा सगळा खटाटोप फक्त स्वतःच्या सुखासाठी नाही. मालवणचा समुद्र 1987पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्गाच्या भोवती खडकांना बिलगून प्रवाळं वाढतात, ती फार सावकाश. हेलकावणाऱ्या डायव्हरची एक फिन लागली तर अनेक वर्षांची वाढ तुटते, आणि तळाचा उठलेला गाळ उरलेल्या प्रवाळावर बसतो. आपण दुष्काळ पाहिलेली माणसं आहोत, पाण्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. दुसऱ्यांच्या पाण्यात पाहुणे म्हणून उतरताना कशालाही न शिवता परत येणं, हा आपला शिष्टाचार असायला हवा.

त्याची तयारी इथंच करता येते. जाकिटातल्या हवेचं आकारमान सर्वांत झपाट्यानं बदलतं ते पृष्ठभागाजवळ. पाण्यावरून 10 मीटर खाली जाताना हवा निम्मी होते, पण 20वरून 30 मीटरवर जाताना फक्त चौथाईनं घटते. म्हणजे तोल सांभाळायला उथळ पाणीच सर्वांत कठीण. तरणतलावाच्या खोल बाजूला, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, बटणाला पुन्हा पुन्हा हात न लावता जो माणूस फरशीपासून हातभर वर स्थिर राहायला शिकला, त्याला 18 मीटरवरचा समुद्र सोपा जाईल. समुद्र आपल्या वाट्याला वर्षातले थोडेच दिवस येतो. ते दिवस पाहण्यासाठी राखून ठेवावेत आणि तोल घरूनच शिकून जावा.