तक्रार नसलेलं वसतिगृह

मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरपदाचा चार्ज घेतला, तेव्हा आधीच्या मॅडमनी किल्ल्यांचा जुडगा, साठा नोंदवही, हालचाल रजिस्टर आणि काही फायली माझ्या हवाली केल्या. त्यातल्या एका फाईलवर 'रॅगिंग प्रतिबंध' असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. आत दरवर्षी कुलसचिव कार्यालयाला पाठवलेल्या पत्रांच्या स्थळप्रती होत्या. तारीख तेवढी वेगळी, मजकूर तोच : सदर शैक्षणिक वर्षात रॅगिंगची एकही तक्रार प्राप्त झालेली नाही, माहिती निरंक. पत्रामागे समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि सगळ्यांच्या सह्या. आमच्या वसतिगृहाचं नाव चांगलं होतं. पालक विश्वासानं मुली ठेवायचे आणि त्या विश्वासाला या फाईलचा आधार होता.

वर्ष होतं 2019. त्याच वर्षी 22 मे रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या तरुण डॉक्टरनं आपलं आयुष्य संपवलं होतं. तडवी भिल्ल समाजातली, जळगाव जिल्ह्यातली ही मुलगी स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून तिचा छळ केला, असा आरोप तिच्या घरच्यांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्या पावसाळ्यात राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांत तातडीच्या बैठका झाल्या असतील. आमच्याकडेही झाली. प्रवेशद्वारापाशी नवा फलक लागला, त्यावर हेल्पलाईनचा क्रमांक आला, तक्रारपेटीला रंग दिला गेला. ही पेटी कार्यालयाच्या दारासमोर, कॅमेऱ्याच्या अगदी खाली होती आणि तिची किल्ली वरिष्ठ लिपिकांकडे असे. पेटी शेवटची कधी उघडली होती, ते कोणालाच आठवत नव्हतं.

पहिली खबर मला ना पेटीतून मिळाली, ना समितीकडून. ती दिली रात्रपाळीच्या मावशींनी. एका सकाळी ड्युटी संपवून घरी जाता जाता त्या माझ्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, खालच्या मजल्यावरची ती नवी पोरगी रोज रात्री बाराला बाटल्या भरून वर नेते. एकीच्या नाही, पाच-सहा जणींच्या. आन् मेसला तर ती येतच नाही." मी मेसचं रजिस्टर मागवलं. दोन आठवडे तिच्या नावापुढे खूणच नव्हती.

ती सातपुड्यातून आली होती. आश्रमशाळेत शिकलेली, घरी पावरी बोलणारी, गावातून एम.एस्सी.पर्यंत पोचलेली पहिली मुलगी. कार्यालयात बोलावलं तर मान खाली घालून एवढंच म्हणाली, "काही नाही मॅडम. दीदी सांगतात तेवढं करते." कार्यालयाच्या खुर्चीत बसवून या मुली बोलत नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं. मग संध्याकाळी तिला क्वार्टरवर बोलवू लागले. भाजी निवडताना, चहा उकळताना ती थोडं थोडं बोलायला लागली.

'इंट्रो'च्या नावाखाली पहिल्याच आठवड्यात तिला रात्री उभं केलं होतं. सीनियर समोर आली की नजर स्वतःच्या कुर्त्याच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची. सीनियरच्या जर्नलमधल्या आकृत्या काढायच्या, बाटल्या भरायच्या, सांगतील तेव्हा गाणं म्हणायचं. एवढंच असतं तर कदाचित तिनं ते रेटून नेलंही असतं. पण तिला नावानं कोणी हाक मारत नव्हतं. तिचं नाव 'कोटावाली' पडलं होतं. मेसमध्ये ती ताट घेऊन बसली की टेबलावरच्या दोघी-तिघी उठायच्या. तिनं तोंड उघडलं की तिच्या बोलण्याची नक्कल व्हायची. म्हणून तिनं मेस सोडली. खोलीत चुरमुरे खाऊन ती दिवस काढत होती.

मी तिला विचारलं, "पण त्यांना तुझा प्रवर्ग कसा कळला गं? तू सांगितलास?"

"दारावरच लावलं होतं ना, मॅडम."

खरंच लावलं होतं. खोलीवाटपाची यादी आमच्या कार्यालयानंच टंकून, शिक्का मारून दारावरच्या सूचनाफलकावर डकवली होती. अनुक्रमांक, नाव, विषय, प्रवर्ग, खोली क्रमांक. प्रवर्गाचा रकाना तिथे कशासाठी होता? लिपिकांना विचारलं, तर पहिल्यापासूनचा तक्ता आहे म्हणाले. वर्गातही तेच. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची मुदत जवळ आली की तास चालू असताना शिपाई येऊन सांगायचा, "बी.सी.वाले उभे राहा." मुलं उभी राहायची आणि बाकीचे वळून बघायचे. ज्यांनी तिला 'कोटावाली' म्हटलं त्यांचा दोष मी तसूभरही कमी मानत नाही. पण त्यांच्या हातात तो दगड आमच्या कार्यालयानं दिला होता.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2012 चे समतेविषयीचे विनियम मी त्या रात्री पहिल्यांदा सलग वाचून काढले. वर्गात विद्यार्थ्यांच्या जाती जाहीर करणं, त्यांच्यावर 'राखीव'चा शिक्का मारणं हा छळच आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा, हेही त्यात आहे. रॅगिंगविरोधी विनियम त्याआधीचे, 2009 चे. हिमाचल प्रदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी रॅगिंगमध्ये बळी पडला, त्याच वर्षीचे. 2016 मध्ये त्यांत दुरुस्ती होऊन जात, धर्म, वर्ण, भाषा, प्रदेश, दिसणं, आर्थिक स्थिती, लैंगिकता यांवरून होणारा त्रासही रॅगिंगच्या व्याख्येत आला. म्हणजे सातपुड्यातल्या मुलीच्या बोलीची नक्कल करणं हे त्या वेळी नियमानं रॅगिंग होतं, आणि आमच्या समितीत हे कोणी कधी उच्चारलं नव्हतं.

मी विषय समितीपुढे नेला. पहिला प्रश्न आला, "लेखी आहे का?" नव्हतं. "मग आपल्याला काही करता येणार नाही, मॅडम. तिला लेखी द्यायला सांगा."

लेखी देणं तिला का शक्य नव्हतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला समजायला हवं होतं. त्रास देणाऱ्यांपैकी एक संशोधक विद्यार्थिनी होती, आणि तिचे मार्गदर्शक या मुलीला प्रात्यक्षिक शिकवत होते. अंतर्गत गुण त्यांच्याच हातात. पण तिची खरी भीती याहून मोठी होती. "बाबांना कळलं तर ते मला घरी नेतील," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. छळ सोसला तर एम.एस्सी. होणार, तक्रार केली तर शिक्षण सुटणार, असा तिचा साधा हिशोब होता. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक मुली याच हिशोबानं गप्प राहतात, आणि ही भीती ओळखून तिच्यावर उपाय करणं हे संस्थेचं काम आहे.

कायदा मात्र त्या समितीपेक्षा शहाणा निघाला. महाराष्ट्राचा रॅगिंग मनाई अधिनियम 1999 चा आहे. त्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्यातल्या एका तरतुदीकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. विद्यार्थी, पालक किंवा संस्थेतला शिक्षक, यांपैकी कोणीही संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार करू शकतो. शिक्षकसुद्धा. तक्रार आल्यावर प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. आणि प्रमुखानं टाळाटाळ केली तर त्यालाही अपप्रेरणा दिल्याबद्दल जबाबदार धरलं जातं.

मी माझ्या नावानं, माझ्या सहीनं तक्रार लिहिली. आवक कारकुनाकडून पोच घेतली.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. प्रमुखांनी बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यापुढे नॅकच्या मूल्यांकन पथकाची तारीख होती. "मॅडम, आतल्या आत मिटवा. त्या मुलींच्याही भवितव्याचा प्रश्न आहे. आणि आपला रेकॉर्ड आजपर्यंत स्वच्छ आहे." मी अधिनियमाची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सात दिवसांच्या कलमावर बोट ठेवलं. ते बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी चौकशी समितीच्या आदेशावर सही केली.

समितीची पहिली सूचना काय असावी? त्या मुलीला दुसऱ्या वसतिगृहात हलवू या. तिच्या भल्यासाठी. मी ठाम विरोध केला. जिला त्रास झाला तिनंच पेटी उचलून जायचं, तर वसतिगृहातल्या सगळ्या मुली त्यातून काय शिकतील? हलायचं असेल तर त्रास देणाऱ्यांनी हलायचं. दुसरी सूचना आली समोरासमोर बसवण्याची. तीही मी होऊ दिली नाही. तिचं म्हणणं बाहेरच्या एका महिला सदस्याच्या उपस्थितीत स्वतंत्र घेतलं गेलं. मावशींनी न घाबरता साक्ष दिली. कंत्राटी नोकरी, तरीही. त्या साऱ्या प्रकरणात सर्वांत धीट माणूस त्याच होत्या.

सीनियर मुलींपैकी एक चौकशीत रडली. म्हणाली, "आमच्या वेळी आमच्याबरोबरही हेच झालं. तेव्हा कोणी विचारलं नाही." त्यानं तिचा गुन्हा हलका होत नाही. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ती पहिल्या वर्षाला होती त्या वर्षाचं पत्रही फाईलमध्ये होतं, आणि त्यातही निरंकच लिहिलं होतं.

आरोप खरे ठरले. निलंबन झालं, तक्रार पोलीस ठाण्यात गेली, दोघींची वसतिगृहातली जागा रद्द झाली. ती मुलगी त्याच खोलीत राहिली. तिचे वडील आले होते. त्यांना मी सगळं सांगितलं आणि पोरीला नेऊ नका, अशी हात जोडून विनंती केली. ते रात्रभर वसतिगृहाच्या पायरीवर बसून होते. सकाळी एकटेच परत गेले. ती पुढे काय झाली, कुठे आहे, हे मी लिहीत नाही. तिनं तशी इच्छा सांगितली आहे.

यानंतर काही गोष्टी बदलता आल्या. यादीतला प्रवर्गाचा रकाना गेला. शिष्यवृत्तीची सूचना वर्गात ओरडून न देता ज्याच्या त्याच्या मोबाईलवर जाऊ लागली. पेटी कॅमेऱ्याखालून काढून वाचनिकेच्या आतल्या बाजूला लावली आणि किल्ली बाहेरच्या महिला सदस्याकडे दिली. रॅगिंगविरोधी शपथपत्राचं मात्र मला आजही वाईट वाटतं. विद्यार्थी आणि पालक दोघांनी ते दरवर्षी भरायचं असतं. आमच्याकडच्या कितीतरी मुलींचं ते तालुक्याच्या नेटकॅफेवाल्यानं शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर, स्वतःचाच ई-मेल टाकून भरलेलं होतं. मुलीनं ते वाचलेलं नव्हतं आणि तिच्या बापाला त्याचा पत्ताही नव्हता. मग आम्ही ते पहिल्या पालकसभेत मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो.

सगळ्यांत उपयोगी पडलं ते सर्वेक्षण. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नव्या विद्यार्थ्यांचं निनावी सर्वेक्षण करायचं, असं 2009 च्या विनियमांत सांगितलेलं आहे. आम्ही ते सुरू केलं तेव्हा पहिल्या वेळी प्रत्येक कागदावर 'सर्व ठीक आहे' आलं. कागद गोळा करायला मजल्याची प्रतिनिधी, म्हणजे सीनियर मुलगी, गेली होती. पुढच्या वेळी कागद थेट पेटीत टाकायला सांगितले, हवं त्या बोलीत लिहा म्हटलं. तरी फारसं काही आलं नाही. आधी कोणी लिहिलं आणि तिचं काही बिघडलं नाही, हे मुलींना दिसावं लागतं. ते दिसल्यावर कागद बोलू लागले. रॅगिंगच्या तक्रारी आल्या, मेसमधल्या भेदभावाच्या आल्या, ईशान्येकडून आलेल्या मुलींना हाका मारणाऱ्यांच्या आल्या. एक तक्रार प्राध्यापकाविरुद्ध होती. ती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीकडे गेली. 2015 च्या विनियमांनुसार तिथे चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, आणि विद्यार्थ्यांचा विषय असेल तर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधीही समितीत हवेत. हे प्रतिनिधी निवडायलाच आमचं एक सत्र गेलं.

वर्षाअखेरीस मी अहवाल पाठवला. त्यात पहिल्यांदाच तक्रारींची यादी होती. कार्यालयातून फोन आला, "बाकी सगळीकडून निरंक आलंय, मॅडम. तुमच्याच वसतिगृहात एवढ्या तक्रारी कशा?" मी सांगितलं, की माझ्या मुली आता बोलतात. आणि जिथून निरंक आलंय तिथे आधी जाऊन बघा.

या मतावर मी आजही ठाम आहे. शेकडो तरुण मुलंमुली जिथे एकत्र राहतात तिथे वर्षभरात एकही तक्रार नसेल, तर विद्यापीठानं त्याचं बक्षीस न देता चौकशी करावी. मूल्यांकनातही तक्रारी किती आल्या यापेक्षा किती निकाली काढल्या, किती दिवसांत, आणि तक्रार करणारी मुलगी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली का, हे विचारलं जावं. 2019 मध्येच, आयुष्य संपवलेला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याची आई राधिका आणि पायलची आई आबेदा या दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जातिभेदाविरुद्धचे नियम अस्तित्वात आहेत, ते पाळले का जात नाहीत, हे त्यांना विचारायचं होतं. मुलं गमावलेल्या आयांना ते विचारावं लागलं, ही विद्यापीठांसाठी फार मोठी नामुष्की आहे.

माझी विनंती शिक्षकांना आहे. तुमच्याकडे एखादं मूल आलं आणि त्यानं काही सांगितलं, तर त्याच्याकडे लेखी मागू नका. कागद घ्या, स्वतः लिहा, खाली सही करा, पोच घ्या. कायद्यानं तो अधिकार तुम्हाला 1999 पासून दिला आहे. आणि पालकांनो, राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाईनचा क्रमांक 1800-180-5522 आहे. मुलाला वसतिगृहात सोडायला जाल त्या दिवशी तो त्याच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनमध्ये घालून ठेवा.