बंद हुकूम

"यात काय असतं?" पाकीट उलटंसुलटं करत बाबांनी विचारलं.

"कार्डं. चौदा."

"ते कळलं गं. कुठली?"

"ते फोडल्याशिवाय कळत नाही. तीच तर गंमत आहे."

बाबांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "म्हणजे मटका," एवढंच म्हणाले आणि चहा गाळायला आत गेले.

'कल्याण' नावाचा मटका मुंबईभर प्रसिद्ध होता, आणि तो आमच्या शेजारच्या कल्याणचा, असा गैरसमज मी कॉलेजपर्यंत बाळगून होते. खरं तर ते नाव कल्याणजी भगत या माणसावरून पडलं, आणि धंदा वरळीचा. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर, मग माठातल्या चिठ्ठ्यांवर, पुढे पत्त्यांवर आकडे निघायचे. हा गैरसमज बाबांनीच दूर केला होता. त्यामुळे त्यांच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा जरा जास्तच लागला.

कारण बाबांचा पत्त्यांवर राग नाही, उलट जीव आहे. डोंबिवलीहून फोर्टच्या ऑफिसला ते एकतीस वर्षं लोकलने गेले. चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी, तिच्यावर रुमाल, आणि मेंढीकोट. तोही बंद हुकमाचा. हुकमाचा पत्ता पालथा झाकून ठेवायचा, आणि कोणाकडे उतारीचा रंग नसला, त्याने मागितलं, की मगच उघडायचा. ठाण्याला गर्दी आत घुसली की उभ्यांपैकी कोणीतरी मागून हातातली पानं बघून सल्ला द्यायचा आणि चौघांच्या शिव्या खायचा. नियम एकच होता, पैसे लावायचे नाहीत. कटिंग चहासुद्धा नाही.

हा नियम घरातही होता, आणि मला तो तिसरी-चौथीत कळला. तेव्हा आमच्या बिल्डिंगखाली डब्ल्यूडब्ल्यूईच्या ट्रम्प कार्डांची साथ आली होती. प्रत्येक कार्डावर एक पैलवान आणि त्याचे आकडे: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती, किती जिंकल्या. एक आकडा म्हणायचा, मोठा ज्याचा त्याला कार्ड. बिग शो आला की डोळे झाकून 'वजन' म्हणायचं. रे मिस्टेरिओ आला तर वजन-उंचीचं नाव काढायचं नाही. यात डोकं ते काय, असं मोठ्यांना वाटायचं, पण समोरच्याकडे कोणती कार्डं गेली आणि ती कोणत्या क्रमाने वर येणार हे लक्षात ठेवलं की तुम्ही हरतच नाही. मला ते राहायचं. एका सुट्टीत मी 'बी' विंगमधल्या एका मुलाची सगळी कार्डं जिंकले, कारण जिंकलेलं कार्ड आपलं असा तिथला कायदा होता. तो रडत घरी गेला. संध्याकाळी बाबांनी मला त्याच्या दारात उभं केलं आणि कार्डं मोजून परत द्यायला लावली. "डाव संपला की पत्ते पेटीत," म्हणाले. मला ते अतिशय अन्यायाचं वाटलं.

गंमत म्हणजे, ज्या खेळाने जगभर हे ट्रेडिंग कार्डांचं प्रकरण सुरू केलं, त्याचाही पहिला कायदा 'बी' विंगचाच होता. 'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ साली आला. तो रचणारा रिचर्ड गारफील्ड गणितातला डॉक्टरेट. प्रकाशकाला हवा होता मोठ्या खेळांच्या मधल्या रिकाम्या वेळात, कुठेही बसून खेळता येईल असा छोटा खेळ. म्हणजे लोकलचाच खेळ, असं मी म्हणते. त्याच्या सुरुवातीच्या नियमांत डाव सुरू होताना दोघांनी आपापल्या गठ्ठ्यातलं एकेक कार्ड पैजेवर लावायचं आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायची, असं होतं. पुढे हा नियम मागे पडला, आणि पैजेशी संबंधित कार्डांवर स्पर्धांमध्ये बंदी आली. त्याच पहिल्या वर्षातलं 'ब्लॅक लोटस' नावाचं एक कार्ड २०२१ साली लिलावात पाच लाख डॉलरच्या वर गेलं. असं एखादं कार्ड पूर्वी कोणीतरी पैजेत हरलं असेल, आणि त्याच्या बाबांनी ते परत आणून दिलं नसेल.

मी मॅजिकला लागले ते ऑफिसातल्या एका मित्रामुळे. घोडबंदर रोडला आत एका कॅफेत रविवारी दहा-बाराजण जमतात, तिथे तो घेऊन गेला. बावन्न पत्त्यांची सवय असलेल्याला पहिला धक्का हा बसतो, की इथे सगळ्यांच्या हातात एकाच कॅटचे पत्ते नसतात. साठ कार्डांचा गठ्ठा ज्याने त्याने घरून बांधून आणायचा. म्हणजे डाव आदल्या रात्रीच सुरू होतो, बेडवर कार्डं पसरून. जमिनीची कार्डं आडवी करायची, त्यातून ताकद मिळते, त्या ताकदीवर प्राणी आणि मंत्र. दोघांकडे वीस-वीस जीव. पण खरी मजा आहे ती समोरच्याची पाळी चालू असताना मध्येच उत्तर देण्यात. त्याने मंत्र टाकला, मी त्यावर टाकला, त्याने माझ्यावर टाकला, आणि मग सगळ्यात शेवटी आलेला आधी सोडवायचा. पहिल्याच दिवशी मला हा उलटा जिना चढता आला, आणि मी मनाने परत बिल्डिंगखाली गेले.

मग पाकिटं सुरू झाली. एक साडेचारशेच्या आसपास. पगार झाला की चार. वाईट दिवस गेला की दोन. पाकिटाला एक वास असतो, शाईचा आणि प्लॅस्टिकचा. सगळ्यात मागे बहुधा दुर्मीळ कार्ड असतं, म्हणून मी मुद्दाम पुढून एकेक सरकवायचे. त्या दहा-बारा सेकंदांसाठी मी पैसे देत होते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

बाबा 'मटका' म्हणाले त्या रात्री मी बँकेचं स्टेटमेंट काढून बेरीज केली. वर्षभरात अडतीस हजार सहाशे. त्यातली खेळात उतरलेली कार्डं सत्तरही नव्हती. बाकीची चपलांच्या तीन खोक्यांत. आणि त्याच वर्षी सोसायटीच्या दुरुस्तीची जी रक्कम मी भरणार म्हटलं होतं, तिला दोनदा 'पुढच्या महिन्यात' म्हणून बाबांनाच भरायला लावली होती, पेन्शनमधून. हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पण तू खेळतेस, की नुसती फोडतेस?"

बाबांचं आजोळ सावंतवाडीकडचं. लहानपणी तिथला राजवाडा बघायला गेलो होतो, तिथे गंजिफा रंगवतात. गोल, लाखेच्या चकाकीची, हाताने काढलेली पानं. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकूण १२० पानं. निम्म्या रंगांत दहा मोठा, उरलेल्यांत एक्का मोठा. दिवसा बसलात तर ज्याच्याकडे राम त्याची उतारी, रात्री बसलात तर ज्याच्याकडे कृष्ण त्याची. किती छान नियम आहे हा. पण आज ज्यांच्या घरी गंजिफा आहे, त्यांच्याकडे तो बहुधा फ्रेममध्ये आहे. आमच्याही नात्यात एक संच आहे, काचेच्या कपाटात, आणि त्या घरात तो कोणालाही खेळता येत नाही. बाबांच्या प्रश्नानंतर मला माझी तीन खोकी आठवली ती त्या कपाटाशेजारी ठेवलेली.

तर, खेळायचं ठरवलं. आता कोणी मला 'सुरुवात कशाने करू' असं विचारलं की मी पहिला प्रश्न 'पाकिटं फोडावी लागतात का' हा घेते.

मॅजिकमध्येच 'पॉपर' नावाचा प्रकार आहे. पॉपर म्हणजे भिकारी. भिकार-सावकार खेळत वाढलेल्या माणसाला हे नाव लगेच आवडतं. यात फक्त 'कॉमन' छापाची कार्डं चालतात, जी प्रत्येक पाकिटात ढिगाने निघतात आणि जी लोक टेबलावर सोडून जातात. २०१९ साली कंपनीने कागदावरच्या आणि ऑनलाइन पॉपरचे नियम एक केले. माझा लाल गठ्ठा जवळजवळ सगळा माझ्याच खोक्यांतून निघाला, उरलेली कार्डं ठाण्याच्या मित्रांनी दहा-वीस रुपयांना दिली. खेळ तितकाच चुरशीचा. फक्त हरल्यावर 'तुझी कार्डं महाग आहेत' हे कारण देता येत नाही.

लहान भाचे असतील तर पोकेमॉन घ्या, पण दोन तयार डेक घ्या आणि थांबा. सहा बक्षीस-कार्डं पालथी ठेवायची, समोरच्याचा पोकेमॉन पाडला की त्यातली घ्यायची; आठ वर्षांच्या पोराला अर्ध्या तासात येतं. स्टेशनबाहेर सोनेरी चकचकीत मिळतात ती नकली असतात, त्यांच्यावरचे आकडेही कुठेच बसत नाहीत. 'कीफोर्ज'मध्ये प्रत्येक डेक जगात एकच छापलेला असतो आणि त्यात बदल करायचा नाही, त्यामुळे एक घेतला की खर्च संपला. फोनवर 'मार्व्हल स्नॅप' चांगला: बारा कार्डं, सहा पाळ्या, दिवा ते ठाणे दोन डाव. 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट' २०२४ मध्ये आला, त्यात रोज पाकिटं फुकट मिळतात आणि ती बोटाने फाडायची असतात. मी तो दोनदा डिलीट केलाय. कारण समजलं असेलच.

पण माझ्या मते सगळ्यात भारी खेळ 'नेटरनर' आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. हाही मूळ गारफील्डचाच, १९९६ चा. २०१२ मध्ये दुसऱ्या कंपनीने नव्याने आणला, २०१८ मध्ये बंद केला. इथे खेळ मरायचा, पण खेळणाऱ्यांनीच 'नल सिग्नल गेम्स' नावाची संस्था काढून तो पुढे चालवला, नवी कार्डं काढली, आणि छापून घ्यायच्या फाइली फुकट ठेवल्या. त्यांचा 'सिस्टिम गेटवे' हा नवख्यांसाठीचा संच मी डोंबिवलीत झेरॉक्सवाल्याकडे छापला. त्याने "लहान मुलांचा प्रोजेक्ट का?" विचारलं, मी हो म्हटलं.

कागद मऊ, पिसता येईनात. स्लीव्हमध्ये मागे काहीतरी जाड घालायला हवं होतं. बाबा उठले आणि कपाटावरची पिशवी काढली. ट्रेनचे पत्ते. चार कॅट, कडा काळ्या पडलेल्या. लॉकडाउनमध्ये त्यांचा ग्रुप सुटला तो सुटलाच; त्यातच बाबा निवृत्त झाले, एक काका पुण्याला मुलाकडे गेले, एक गेलेच. मी म्हटलं, "बाबा, हे राहू देत." ते म्हणाले, "पेटीत पडून काय करायचेत?" आणि स्वतःच एकेक पत्ता स्लीव्हमध्ये सरकवायला बसले. प्रत्येक कार्डामागे एक पत्ता.

नेटरनरमध्ये एक जण कंपनी, दुसरा चोर. कंपनी सगळं पालथं मांडते, पुढे पहारे लावते, पालथ्या कार्डावर पैसा चढवत जाते. चोराने अंदाज घेऊन घुसायचं आणि ते उचलायचं. पालथं कार्ड मौल्यवान अजेंडा असेल किंवा सापळा. मी बाबांना कंपनी दिली. "अजेंडा म्हणजे मीटिंगचा तो?" त्यांनी विचारलं. मी नियम समजावले, त्यांनी दोनदा परत विचारले, तिसऱ्या डावात त्यांनी एक कार्ड पालथं टाकलं, पहाऱ्याला एकच भुरटं कार्ड ठेवलं, आणि पुढच्या पाळीत मान खाली घालून त्यावर दोनदा पैसा चढवला. अगदी घाईघाईने, जणू मी बघू नये. मला वाटलं, सापडले. माझ्या हातात तीन कार्डं होती. मी घुसले.

'अर्टिका सायफर'. सापळा. मुळात दोन घाव, आणि दोनदा चढवलेला म्हणून आणखी दोन. चार घाव, हातात कार्डं तीन. मी मेले.

बाबा चष्मा पुसत बसले होते. "मुलुंड आलं की देशपांडे असाच चेहरा करायचा," म्हणाले. "त्याच्याकडून शिकलो."

मी कार्डं गोळा करून पिसायला घेतली. बाबांनी घड्याळ बघितलं.

"एक डाव किती वेळ चालतो याचा?"

"पाऊण तास. शिकल्यावर थोडा कमी."

"म्हणजे फास्टने दादर येईल त्याच्या आत." त्यांनी जरा हिशेब केला. "स्लो पकडायची."