तलावातलं क्रिकेट

हजिऱ्याला पाण्याची कमी कधीच नव्हती. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला तापीचं मुख. पण सुटीच्या दिवशी फिरायला जायचं म्हणजे दोनच जागा: सुवालीचा किनारा, नाहीतर कॉलनीच्या बसने सुरत. वडील तिथल्या कृभको खत कारखान्यात होते, मूळचे धुळ्याकडचे. सुवालीला गेलं की ते न चुकता सांगत, १६१२ साली इथंच कॅप्टन बेस्टच्या जहाजांनी पोर्तुगीजांना हटवलं आणि सुरतेत इंग्रजांचा पाय रोवला. आमचं सगळं लक्ष भेळेच्या पुडीवर. काळपट वाळू, ओहोटीला लांब पळालेलं गढूळ पाणी; ना बाक, ना दिवा.

सुरतेला गेलो की मुक्काम मावशीकडे, गोपीपुऱ्याजवळ. मावसभाऊ बॅट काढायचा आणि ओरडायचा, "आई, तलावात खेळायला चाललो!" मावशीही खुशाल "जा" म्हणायची, कारण गोपी तलावात पाण्याचा थेंब नव्हता. होता तो कचऱ्याचा, उतरत्या कडांचा खोलगट खड्डा. चेंडू कुठंही मारा, घरंगळत मध्येच यायचा. सुरतेचा धनाढ्य कारभारी मलिक गोपी याने १५१०च्या सुमारास हा तलाव बांधला. १६२३ साली आलेल्या पिएत्रो देला व्हाले या इटालियन प्रवाशाने त्याबद्दल लिहून ठेवलंय. आम्हाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. मावशीचा तळमजला बुडाला, हजिऱ्याच्या पट्ट्यातही पाणी भरलं. त्यानंतर बरीच वर्षं आमच्या घरात पाण्याला कुणी 'रम्य' म्हटलं नाही.

पुढे महापालिकेने गोपी तलाव नव्याने बांधून २०१५ साली लोकांसाठी खुला केला. आता तिकीट काढून आत जायचं. बोटिंग आहे, कारंजी आहेत, झिपलाइन आहे, खाण्याचे स्टॉल आहेत. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी आणि मावसभाऊ दोघंही कुरकुरलो. काय ते दिवस, कुठं तिकीट, कुठं शिट्टी वाजवणारा वॉचमन!

"कसले दिवस?" आई फटकन म्हणाली. "सुवालीला नेऊन बसवायचे तुझे वडील. चार-चार तास बाईमाणसाला आडोसा नाही. आम्ही दोघी बहिणी सकाळपासून घोटभर पाणी प्यायचो नाही."

हे आम्हाला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. जुन्या दिवसांचे गोडवे गाणारे बहुतेक पुरुषच का असतात, याचं उत्तर त्यात असावं. आई आणि मावशी दिवे लागल्यावरही काठावर निवांत बसल्या होत्या. आम्हीच घरी चला म्हणून मागे लागलो.

पोरांची जागा मात्र गेली, हे मी आईलाही ऐकवलं. भाचा आता बॉक्स क्रिकेटला जातो. जाळीच्या पिंजऱ्यात, तासावर भाडं. वर्गणी गोळा करायचं काम त्याच्याकडे आहे आणि एक मित्र दर वेळी "पुढच्या रविवारी देतो" म्हणून टाळतो. तसला एक आमच्यातही होता. तो चेंडूचे पैसे बुडवायचा, आणि बॅटिंग पहिली हवी असायची त्यालाच.