एकच हॉप, आणि एवढं सगळं!

आंबा घातलाय ना यात? नाही? मग पपनस तरी? लिचीचं सिरप? काहीच नाही? पुण्यात मुंढव्याच्या एका ब्रूअरीत मी ब्रूअरला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारत होते आणि तो हसत नकारार्थी मान हलवत होता. "ताई, पाणी, माल्ट, यीस्ट आणि हॉप्स. पाचवी वस्तू नाही. आणि हॉप्सही एकाच जातीचे, सिट्रा." मी परत ग्लासात नाक खुपसलं. अहो, आंबा होता! शपथेवर सांगते, होता!

म्हणजे बघा, रंग सोनेरी, किंचित धूसर, वर बोटभर पांढरा फेस. ग्लास ओठाला लागायच्या आधीच वास येऊन थडकतो. पपनसाची साल नखाने खरवडल्यावर जो तुषार उडतो तो. त्याच्या मागोमाग पिकल्या आंब्याच्या देठाजवळचा चिकाळ, रानटी गंध. आणि अगदी तळाशी लिचीसारखं काहीतरी गुलाबी. मग घोट. आधी माल्टचा हलका गोडवा, मग फळंच फळं, आणि गिळून झाल्यावर कडवटपणा. पण कसला कडवटपणा! पपनसाच्या फोडीला चिकटून आलेल्या पांढऱ्या पापुद्र्यात असतो तसा, स्वच्छ, धारदार. तो जिभेच्या मुळाशी रेंगाळतो, तोंड कोरडं करतो आणि पुढचा घोट घ्यायला लावतो. आजवर मी बिअर म्हणून जे प्यायले, त्यात थंडगार असणं एवढाच गुण होता. कोमट झाली की संपली. हिची तर जरा थंडी उतरली, की आणखी बोलायला लागते!

मग मी त्या ब्रूअरला सोडलंच नाही. त्याने मूठभर हॉप्स हातावर ठेवले, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या, आणि म्हणाला, चोळा. चोळल्या. हात दुसऱ्या दिवशीपर्यंत घमघमत होता. हॉप ही वेल आहे, गांजाच्या कुळातली. बिअरसाठी तिची मादी फुलं वापरतात. पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिनचे पिवळे कण असतात आणि सगळी जादू त्यांच्यात. त्यातली अल्फा आम्लं उकळत्या द्रवात रूप बदलतात आणि कडवटपणा देतात. सुगंधी तेलं मात्र उकळीत उडून जातात. म्हणून हॉप्स वेगवेगळ्या वेळी पडतात: थोडे उकळीच्या सुरुवातीला कडवटपणासाठी, थोडे आच बंद केल्यावर, आणि उरलेले, भरपूर, आंबवण झालेल्या गार बिअरमध्ये. या शेवटच्या पायरीला ड्राय हॉपिंग म्हणतात. माझा आंबा तिथून आला होता! त्या तेलांतलं लिनालूल हे आपल्या धण्याच्या सुवासातलंही मुख्य द्रव्य आहे, हे कळल्यावर तर मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काही गंधकयुक्त द्रव्यं लिटरमागे मोजके नॅनोग्रॅम असली तरी नाकाला कळतात. नॅनोग्रॅम!

आता 'सिंगल हॉप' प्रकरण. माझ्या ग्लासातली बिअर आयपीए प्रकारातली. बहुतेक आयपीएमध्ये तीन-चार जातींचे हॉप्स मिसळतात. उत्तम लागते, पण कोण काय करतंय ते कळत नाही. मसालेभात खाताना तांदूळ कोणता हे कोण विचारतं? पण आंबेमोहोराचा नुसता वाफाळता भात वाढा, वर तूप आणि मीठ, मग झाकण उघडताच घरभर कळतं. सिंगल हॉप म्हणजे तो साधा भात. लपायला जागा नाही. हॉप चांगला असेल तर डोळे मिटतात, जुना किंवा शिळा असेल तर लगेच उघडा पडतो.

आणि या सिट्राची जन्मकथा तरी बघा! अमेरिकेत 1990 मध्ये झालेल्या संकरातून ही जात आली, आणि बाजारात उतरायला 2008 च्या आसपासचा काळ उजाडला. इतकी वर्षं एका वेलीची परीक्षा! अल्फा आम्लं 12 टक्क्यांच्या आगेमागे, म्हणजे चेक देशातल्या प्रसिद्ध साझ हॉपच्या जवळजवळ तिप्पट; तरी सुगंध इतका मोकळा. हॉपला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात, म्हणून वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं तिचं माहेरघर. आपल्याकडे हिमाचलात लाहौलमध्ये हॉप पिकतो, पण पुण्याच्या अक्षांशावर वेलीला हवा तेवढा मोठा दिवस मिळत नाही.

आणि या आयपीएचं पूर्ण नाव 'इंडिया पेल एल'! लंडनच्या बो भागातल्या हॉजसन या ब्रूअरची हॉप्सने भरलेली एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालत महिनोन्‌महिने प्रवास करून इथे यायची. खास या प्रवासासाठी ती शोधून काढली ही दंतकथा. तशी कडक, टिकाऊ बिअर इंग्लंडात आधीपासून होतीच. 1822 च्या सुमारास इंग्लंडातल्याच बर्टनच्या ऑलसॉप ब्रूअरीने या व्यापारात उडी घेतली आणि तिथल्या जिप्समयुक्त पाण्याने तिचा कडवटपणा आणखी खुलवला. इकडे गोरा शिपाई बहुतेक काळी पोर्टर प्यायचा, पेल एल साहेबांच्या टेबलावर. खडकीची लढाई 1817 ची. त्यानंतर पुण्यात लष्कर वसलं, साहेब आले, साहेबांच्या बाटल्याही आल्या असणार. आणि आज तीच शैली पुण्यातच शिजते, पुण्याची माणसं शिजवतात, पुण्याची माणसं पितात. साहेबाला ही सिट्राची आयपीए चाखवली असती तर त्याने नोकरी सोडून मुंढव्यात बिऱ्हाड केलं असतं!

कारण पुणं या बाबतीत मागे नाहीच मुळी. 2009 मध्ये डूलालीने कोरिंथियन्स क्लबात आपली बिअर गाळायला सुरुवात केली, तेव्हा देशात असे उद्योग बोटांवर मोजण्याइतके होते. मग मुंढव्यात इंडिपेंडन्स, कोरेगाव पार्कात एफिंगट, पुढे कोकम घालून एल करणारी ग्रेट स्टेट. मी याच शहरात राहत होते आणि मला कुणी सांगितलं नाही! आता मीच सगळ्यांना सांगत सुटले आहे.

तर ऐका. आयपीए साधारण 6 ते 7 टक्क्यांची असते, म्हणून गाडी घरी ठेवा, रिक्षा करा. पोटात आधी काहीतरी घाला. आंबट-तिखट चालेल, अति झणझणीत नको, कडवटपणा तिखटाला आणखी पेटवतो. ग्लास बर्फगार मागू नका. काउंटरवरच्या मुलाला एकच प्रश्न विचारा: ही टॅपला कधी लागली? हॉपचा सुगंध काही आठवड्यांतच ओसरू लागतो, हापूससारखा हंगाम संपेपर्यंतही थांबत नाही. तो "कालच" म्हणाला तर मेन्यू मिटा आणि मागवा. आणि ब्रूअरमंडळी, तुम्हाला एक विनंती: तोच माल्ट, तेच यीस्ट, फक्त हॉप बदलून तीन टाक्या लावा. एक सिट्राची, एक मोझेकची, एक कॅस्केडची. तिन्ही टॅपवर एकाच दिवशी लागू द्या. रांगेत पहिली मी!