बटाटा, बीट आणि आंबट दूध : लिथुएनियाचा घरगुती स्वयंपाक

लिथुएनियाचा घरगुती स्वयंपाक मोजक्या जिनसांवर चालतो. बटाटा, राय, बीट, कोबी, कांदा, डुकराचे मांस, दूध आणि दुधाचे आंबट प्रकार, रानातली अळंबी, आणि जवळपास प्रत्येक पानावर बारीक चिरलेला शेपू. मसाल्यांत मीठ, मिरे, तमालपत्र, मार्जोरम आणि जिऱ्यासारखे दिसणारे पण चवीला वेगळे असे कॅरवेचे दाणे. तिखट म्हणून कोणी काही घालत नाही. पेरणी ते कापणी हा काळ तोकडा आणि हिवाळा लांबलचक, त्यामुळे पिकलेले सगळे खारवून, आंबवून, वाळवून किंवा धुरी देऊन वसंतापर्यंत पुरवण्याची रीत पडली. आज ज्याच्याशिवाय लिथुएनियाचे ताट डोळ्यांसमोर येत नाही तो बटाटा इथे उशिरा रुळला. शेतकऱ्याच्या रोजच्या जेवणात तो खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात आला. त्याआधी पोट भरायचे ते राय, जव, ओट आणि बकव्हीट यांवर. दक्षिणेकडच्या रेताड द्झूकिया भागात बकव्हीट आणि अळंबी अजूनही जास्त दिसतात, नैर्ऋत्येकडच्या सुवाल्कियात धुरी दिलेले मांस, आणि वायव्येकडच्या झेमाइतियात लापश्या आणि आंबट सायीचे पदार्थ.

प्रस्तुत लेखिका हे पदार्थ काउनासमधल्या एका जुन्या इमारतीतल्या स्वयंपाकघरात, शेजारच्या आजीबाईंच्या हाताखाली शिकली. पुस्तकात वजने-मापे मिळतात. आजीबाईंकडे मापे नव्हती, पण पाण्याचा हिशोब पक्का होता. बटाट्यातले पाणी किती काढायचे, दुधातले किती निथळू द्यायचे, उकळते पाणी किती जोरात उकळू द्यायचे, यावर त्यांचे सगळे लक्ष. पुढचे पदार्थ त्याच अंगाने पाहिले तर लवकर हाताशी येतात.

नवख्याने सुरुवात करावी ती शाल्तिबार्श्चायपासून. हे बिटाचे थंड सूप. चूल लागते ती बीट, अंडी आणि सोबतचे बटाटे उकडण्यापुरती. चार माणसांसाठी एक लिटर केफिर, अर्धा किलो उकडलेले बीट, दोन काकड्या, दोन-तीन उकडलेली अंडी, कांद्याची पात आणि शेपूची चांगली जुडी. बीट सालासकट, शेंडा-बुडखा न कापता उकडावे, म्हणजे रंग पाण्यात उतरत नाही. गार झाल्यावर सोलून किसणीच्या जाड भोकांवर किसावे. काकडी बारीक चिरावी. पात मिठाबरोबर खलबत्त्यात किंवा चमच्याच्या पाठीने थोडी रगडावी, म्हणजे तिचा उग्रपणा मोडतो आणि रस सुटतो. सगळे केफिरमध्ये मिसळून तासभर थंड ठेवावे आणि अंडी वाढताना वरून घालावीत. केफिर न मिळाल्यास आंबट ताक चालते. पूर्वी गावाकडे आंबलेले दूध किंवा लोणी काढल्यावर उरलेले ताकच वापरत. रंग इतका भडक गुलाबी येतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याला कृत्रिम रंगाचा संशय यावा. बिटातले रंगद्रव्य किंचित आंबट द्रावणात टिकून राहते, म्हणून तो रंग दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. सोबत वेगळ्या ताटलीत वाफाळते उकडलेले बटाटे, त्यांवरही शेपू. बटाटे सुपात टाकायचे नाहीत. एक घास गरम, एक चमचा गार, असे खायचे. हा क्रम मोडून बटाट्याच्या फोडी सुपात घालणारे असतात, पण त्यात अर्धी गंमत जाते. व्हिल्नियसमध्ये २०२३ पासून या गुलाबी सुपाचा उत्सवही भरतो. त्यामागे पर्यटकांवर डोळा आहे हे उघड आहे, पण घरोघरी मे महिन्यापासून हे सूप रोजच होत असते.

उन्हाळी सुपांत दुसरे रानचुक्याचे. आपल्या चुक्याच्याच कुळातली ही भाजी तिथे कुरणात आपोआप उगवते. बटाटा, गाजर आणि मांसाचे पाणी यांत ती अगदी शेवटी घालतात. पाने क्षणात मळकट हिरवी होतात. दिसायला काही खास नाही, चव मात्र लख्ख आंबट.

बटाट्याच्या पदार्थांचे कुटुंब मोठे आहे आणि सगळ्यांची सुरुवात एकच : कच्चा बटाटा बारीक किसणे. हा कीस आपल्या नेहमीच्या किसासारखा लांब नको, जवळजवळ वाटल्यासारखा लगदा हवा. हाताने दोन किलो बटाटे असे किसले की बोटांची साले निघतात, म्हणून बऱ्याच घरांत बटाटे किसण्याचे विजेचे यंत्र असते. वरून बटाटा टाकायचा, आत दातेरी चकती किंवा पिंप फिरते, आणि पुढच्या तोंडातून लगदा पातेल्यात पडतो. आवाज असा की शेजाऱ्यांना आजचा बेत कळावा. कीस हवेत काळा पडतो; ते टाळायला थोडा लिंबाचा रस किंवा क जीवनसत्त्वाची गोळी कुटून घालतात.

या कुटुंबात सोपे ते ब्लिनाय, म्हणजे तव्यावरची धिरडी. कीस, एक अंडे, किसलेला कांदा, मीठ, चमचाभर मैदा. भरपूर तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत तळायचे आणि आंबट सायीबरोबर गरम खायचे. त्यानंतर कुगेलिस, तोच लगदा ओव्हनमध्ये भाजलेला. दोन किलो बटाट्यांना पाव किलो धुरी दिलेली चरबीदार डुकराची पट्टी आणि दोन कांदे बारीक चिरून परतायचे, सुटलेल्या चरबीसकट किसात ओतायचे, वर पेलाभर कढत दूध आणि तीन अंडी. कढत दुधाने कीस उजळ राहतो आणि भाजल्यावर मऊ होतो. दोनशे अंशांवर अर्धा तास, मग एकशे ऐंशीवर आणखी तासभर, वरची साल गडद तपकिरी होईपर्यंत. या पदार्थात पाणी पिळून काढायचे नसते. बटाटे फार पाणीदार असतील तरच थोडे ओतून द्यायचे. कुगेलिस दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. थंड वडीचे काप काढून तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल करायचे. काही घरांत तो मुळात या कापांसाठीच करतात असे वाटते.

चेपेलिनाय मात्र कसोटी पाहतात. जर्मन झेपेलिन हवाई जहाजांच्या आकारावरून नाव पडलेले हे बटाट्याचे मोठे लांबट गोळे, आत सारण भरलेले, पाण्यात शिजवलेले. वीतभरापर्यंत लांब असतात, आणि दोन खाल्ले की उठवत नाही. बाराएक गोळ्यांसाठी दोन किलो कच्चे बटाटे आणि साधारण चारशे ग्रॅम उकडलेले बटाटे. बटाटे पिठूळ जातीचे हवेत. शरदातले जुने चांगले. उन्हाळ्याच्या तोंडावरचे कोवळे बटाटे यासाठी कुचकामी.

किसलेला लगदा मलमलच्या कापडात बांधून पातेल्यावर पिळायचा. इथे हात आखडता घ्यायचा नाही. कीस इतका कोरडा व्हावा की मुठीत दाबला तर भुरभुरावा आणि बोटांना ओल लागू नये. पातेल्यात जमलेले तांबूस, फेसाळ पाणी टाकायचे नाही, दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवायचे. मग ते हलक्या हाताने ओतून दिले की तळाशी पांढऱ्याशुभ्र स्टार्चचा थर दिसतो. बोटाने दाबला तर घट्ट, दगडासारखा. बोट हळू फिरवले तर वितळल्यासारखा वाहणारा. हा स्टार्च खरवडून पुन्हा किसात घालायचा. बाजारातला बटाट्याचा स्टार्च घालूनही गोळे होतात, पण आपल्याच बटाट्यातून निघालेला थर दिसला की त्या बटाट्यांचा दमही कळतो. थर पातळ असेल तर बाहेरचा एखादा चमचा लागणारच. मग उकडलेले बटाटे गुठळी न ठेवता कुस्करून त्यात मळायचे आणि मीठ घालायचे. पीठ गुळगुळीत, किंचित चिकट व्हायला हवे.

सारण दोन प्रकारचे. मांसाचे असेल तर कच्चा डुकराचा खिमा, कांदा, मिरे आणि मार्जोरम. शाकाहारी असेल तर वार्श्के, म्हणजे आंबट दुधाचा घट्ट चोथा, त्यात अंड्याचा बलक, मीठ आणि वाळलेला पुदिना. पुरणपोळीला उंडा भरतात तसा पिठाचा मूठभर वाटा तळव्यावर थापून, मध्ये सारण ठेवून, कडा मिटवून लांबट वळायचे. सांधा ओल्या हाताने पूर्ण बुजवावा. केसाएवढी फट राहिली तरी पाण्यात ती उघडते.

शिजवण्याच्या पाण्यात मीठ घालून उकळी आली की दोन चमचे स्टार्च गार पाण्यात कालवून त्यात सोडायचे. त्याने पाणी किंचित दाट होते आणि गोळे सुटत नाहीत. आधी एकच गोळा सोडून पाहावा. तो फुटू लागला तर उरलेल्या पिठात स्टार्च वाढवता येतो. सगळे एकदम टाकल्यावर करण्यासारखे काही उरत नाही. पाणी खदखदू द्यायचे नाही, नुसते हलत राहिले पाहिजे. अर्धा तास लागतो. तळाला चिकटू नयेत म्हणून सुरुवातीला लाकडी चमच्याने हळूच सरकवायचे. शिजलेला चेपेलिनास करडट, अर्धपारदर्शक आणि चकचकीत दिसतो. चांगल्या रंगरूपाची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होते, पण पांढरेफेक गोळे दिसले तर त्यात उकडलेला बटाटा जास्त पडला असे खुशाल समजावे. वर चरबीचे कुरकुरीत तुकडे आणि कांदा परतून घालतात, आणि आंबट साय. मांस न खाणाऱ्यांसाठी कांदा आणि अळंबी लोण्यात परतून केलेला सॉस हाही तिथल्या घरांतला रुळलेला पर्याय आहे, तडजोड नव्हे. पिवळी शांतेरेल अळंबी बाजारात आली की चरबीपेक्षा तोच बरा.

आंबट दुधाचे पदार्थ आपल्याकडच्या हाताला सर्वांत लवकर जमतात. वार्श्केसाठी दूध विरजून घट्ट झाले की अगदी मंद आचेवर कोमट करायचे, निवळी वेगळी होऊ लागली की कापडात टांगायचे. उकळी येऊ दिली तर चोथा रबरासारखा होतो. दाबून केलेल्या चीजला मात्र जास्त उष्णता लागते : दूध जवळजवळ उकळीला आणून त्यात वार्श्के किंवा आंबट दूध घालायचे, गोळा झाला की मीठ आणि कॅरवे मिसळून त्रिकोणी कापडी पिशवीत भरायचा आणि दोन फळ्यांमध्ये वजनाखाली रात्रभर ठेवायचा. पाचरीच्या आकाराचे हे पांढरे चीज मधाबरोबर खातात. झेमाइतियातला कास्तिनिस याहून नाजूक. गरम पाण्यावर धरलेल्या भांड्यात थोडे लोणी घुसळत त्यात चमचा-चमचा आंबट साय घालत जायचे, फार गरम झाले तर फाटते, गार झाले तर जमत नाही. शेवटी मीठ, लसूण, कॅरवे. हे गरम बटाट्यांवर घेतात.

रायचा काळा पाव घरी करणे दीर्घ काम आहे. रायच्या पिठात गव्हासारखी चिवट ओढ नसते, त्यामुळे आंबट विरजणाशिवाय आतला भाग चिकट राहतो. काही प्रकारांत पीठ आधी कढत पाण्याने भिजवून गोडसर होऊ देतात आणि मग आंबवतात. सगळे मिळून दोन-तीन दिवस जातात. जुन्या घरांत पीठ लाकडी पिंपात भिजवत आणि पुढच्या वेळेसाठी त्यातच थोडे ठेवून देत. भट्टीत पाव सरकवताना त्याखाली वेखंडाची किंवा मेपलची पाने घालत. वेखंडाच्या पानांचा वास पावाच्या बुडाला लागतो. शहरात आता बहुतेक जण पाव विकतच आणतात. त्याचे शिळे तुकडे मात्र घरी वाया जात नाहीत : बोटाएवढ्या पट्ट्या तेलात तळून, गरम असतानाच कच्ची लसूण चोळून मीठ भुरभुरले की झाली केप्ता दुओना. हे बिअरबरोबरचे खाणे. उरलेल्या पावापासून गिरा नावाचे हलके आंबवलेले पेयही करतात.

त्राकायचे किबिनाय लिथुएनियन म्हणून विकले जातात, पण ते कराइम लोकांचे. लिथुएनियाच्या ग्रँड ड्यूक विताउतासने चौदाव्या शतकाच्या अखेरीस या तुर्की भाषिक लोकांना क्रिमियातून आणून त्राकायला वसवले. करंजीच्या आकाराच्या या पारीत मूळ सारण मेंढीच्या चिरलेल्या मांसाचे. खिमा केला तर रस सुकतो.

वर्षातला सर्वांत शिस्तीचा स्वयंपाक चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळचा. कूच्योसच्या या जेवणात बारा पदार्थ असतात आणि परंपरेने त्यांत मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही. मासे चालतात, त्यामुळे खारवलेला हेरिंग तीन-चार रूपांत येतो : कांद्याबरोबर, बिटाबरोबर, वाळवलेल्या अळंबीबरोबर. टेबलावरच्या चादरीखाली गवताची पेंढी पसरतात. क्रॅनबेरीचा किसेल याच दिवशी लागतो. फळे उकळून गाळायची, साखर घालायची आणि गार पाण्यात कालवलेला बटाट्याचा स्टार्च ढवळत ओतायचा. पुन्हा एक उकळी फुटली की लगेच उतरवायचे. जास्त उकळले तर पातळ होते. जुना किसेल आंबवलेल्या ओटचा असे, तो आजच्या जिभेला फारसा रुचत नाही.

कूच्युकाय आणि खसखशीचे दूध ही जोडी या रात्रीची खूण. कूच्युकायसाठी अर्धा किलो मैदा, यीस्ट, थोडी साखर, तेल, कोमट पाणी आणि मूठभर खसखस मळून फुगू द्यायचे, बोटाएवढ्या जाडीचे दोर वळून सुपारीएवढे तुकडे कापायचे आणि कडक होईपर्यंत भाजायचे. डिसेंबरात दुकानांत यांच्या पिशव्यांचे ढीग लागतात, आणि विकतचे वाईट नसतात. दूध मात्र घरीच करावे. तिथली खसखस निळसर-काळी असते. आपली पांढरी वापरली तर दूध जास्त उजळ आणि चव थोडी सौम्य येते. पाव किलो खसखस कढत पाण्यात रात्रभर भिजवायची, निथळून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये पांढरा रस सुटेपर्यंत वाटायची. तिथे ती मांसाच्या यंत्रातून तीनदा काढतात. उकळून गार केलेले लिटरभर पाणी घालून कापडातून पिळायचे आणि साखर किंवा मध घालायचा. कूच्युकाय त्यात पानावर बसल्यावरच टाकायचे, नाहीतर वाडगा पोहोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो.