बोटं तीच

तालमीत तो सूर लागलाच नाही. फ्लूटचा सगळ्यात खालचा सी. नायिकेचं गाणं संपतं, बाकीची वाद्यं थांबतात आणि एकट्या फ्लूटने तो सूर चार मात्रा धरायचा, एवढंच काम. माझ्या फ्लूटमधून नुसती फुंकर बाहेर पडली. संगीत-दिग्दर्शकाने मान वर करून पाहिलं आणि काही न बोलता तो पुढे गेला. मेट्रोने घरी येताना मी ठरवून टाकलं, आता नवी फ्लूट घ्यायची.

मी कोलकात्यात राहणारी मराठी बाई. वडील दक्षिण-पूर्व रेल्वेत होते. नागपूरहून त्यांची गार्डन रीचच्या मुख्यालयात बदली झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. शाळेच्या बँडमध्ये क्लॅरनेट हातात आलं, कॉलेजात टेनर सॅक्सोफोन. पुढे जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. केलं आणि बंगालीतून मराठीत अनुवाद करू लागले. दिवस त्यात जातो, वाद्यं संध्याकाळची. फ्लूट सगळ्यात शेवटी आली, तीही गरज म्हणून. हौशी नाट्यसंस्थेला तीन वादक परवडत नाहीत, एकानेच तिन्ही वाद्यं सांभाळायची. इंग्रजीत अशा वादकाला डबलर म्हणतात. आपल्याकडे त्याला शब्द नाही, माणसं मात्र होती. याच शहरातून मुंबईला गेलेले मनोहारी सिंग लोकांना सॅक्सोफोनसाठी आठवतात, पण ते फ्लूट आणि क्लॅरनेटही वाजवत.

माझी फ्लूट अकरा वर्षांपूर्वी घेतलेली, शिकाऊ माणसासाठी बनवलेली. निकेल-सिल्व्हरची. या धातूच्या नावात चांदी असली तरी पोटात नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचं ते मिश्रण. वरून चांदीचा मुलामा. मधल्या दर्जाच्या फ्लूटला सहसा निदान डोकं तरी खऱ्या चांदीचं असतं. लालबाजारजवळ रवींद्र सरणीवर वाद्यांची दुकानं ओळीने आहेत. तिथे मी चौकशी केली. किंमत सव्वा लाखाच्या घरात. एका कादंबरीच्या दीड वर्षाच्या अनुवादाचं मानधन नुकतंच जमा झालं होतं. ते जवळजवळ सगळं यात गेलं असतं.

मग महिनाभर मी त्याच विचारात. चाव्यांच्या मधोमध भोकं असलेली फ्लूट घ्यायची की बंद चाव्यांची? उघड्या भोकांवरून बोट सरकवलं की बासरीसारखी मींड काढता येते. हे ऐकल्यावर मी तिथेच विरघळले होते. पण मांडीवरचा सॅक्सोफोन ठेवून सहा मात्रांत फ्लूट ओठांना लावायची, तेव्हा बोट केसभर जरी तिरकं पडलं तरी हवा सुटणार. खाली बी सुरापर्यंत जाणारा लांब पाय हवा का? एक सूर जास्त मिळतो, वजनही वाढतं. डाव्या अनामिकेची चावी बाकीच्या चाव्यांच्या रांगेत की जराशी बाहेर? ती बाहेर असली की मनगट वळवावं लागत नाही. वरच्या सप्तकातला ई सहज लागावा म्हणून स्प्लिट ई नावाची जास्तीची जोडणी असते, ती हवी का? वहीत मी दोन रकाने पाडले होते. एकेका कलमाला गुण देत होते.

पैसे भरण्याआधी जुनी फ्लूट विकावी म्हणून ती दुरुस्त करायला त्याच भागातल्या एका गल्लीत नेली. दुरुस्ती करणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. त्यांनी सिगारेटचा पातळ कागद एकेका पॅडखाली सरकवला, चावी दाबली आणि कागद हळूच ओढला. कागद अडला तर पॅड नीट बसतंय. दोन ठिकाणी तो सुळकन निघून आला. "दीदी, गळती आहे," ते म्हणाले. सगळ्यात खालच्या सुराला नळीवरची सगळी भोकं बंद लागतात, म्हणून गळती कुठेही असो, पहिला बळी त्याचाच.

तीन दिवसांनी गेले तेव्हा त्यांनी माझ्यासमोर तो सी वाजवला. भरलेला, गोल, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. माझ्याच फ्लूटमधून. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी वाजवला. सूर लागला, पण बारीक, दाबलेला. ते म्हणाले, काहीतरी वाजवा. मी नाटकातलंच गाणं वाजवलं.

"सॅक्सोफोन वाजवता ना?"

"कशावरून?"

"एफ शार्प मधल्या बोटाने घेता. आणि करंगळी झोपलेली आहे."

सॅक्सोफोनवर एफ शार्प उजव्या हाताच्या मधल्या बोटाने निघतो. फ्लूटवर तो अनामिकेचा. मधल्या बोटानेही येतो, पण झाकोळलेला. उजवी करंगळी फ्लूटवर बहुतेक सगळ्या सुरांना चावी दाबून ठेवते. सॅक्सोफोनवर तिला एवढं काम नसतं. म्युनिकच्या थेओबाल्ड बोएमने १८४७ साली आजच्या फ्लूटची रचना पक्की केली. सॅक्सोफोनच्या बोटांची ठेवण तिच्याशी इतकी जुळते की सॅक्सोफोनवाल्याला फ्लूट पहिल्या आठवड्यात "येते". क्लॅरनेटचं तसं नाही. त्यावर वरच्या पट्टीत जाताना सूर आठव्याऐवजी बाराव्यावर उडी मारतो, बोटं नव्याने शिकावी लागतात, म्हणून माणूस सावध राहतो. फ्लूटला मी कधी सावध राहिलेच नव्हते. सॅक्सोफोनला ओठ रीडभोवती आवळायचे असतात. फ्लूटला ते सैल सोडून जेमतेम बारा मिलिमीटरच्या भोकाच्या पलीकडच्या कडेवर श्वास नेऊन फोडायचा असतो. अकरा वर्षं मी आवळलेल्या ओठांनी फ्लूट वाजवली होती.

"नवी घ्या की," ते म्हणाले, "पण ही झोपलेली करंगळी तिच्यावरही झोपेल."

त्या रात्री मला आत्याचा फोन आठवला. माझ्या पहिल्या अनुवादात मुलगा परीक्षेत नापास होऊन घरी येतो आणि आई त्याला म्हणते, "आणखी एकदा चेष्टा कर." बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हे मला माहीत नव्हतं असं नाही; रोज बाजारात, बसमध्ये मी तो शब्द त्याच अर्थाने बोलते. पण अक्षरं तीच, मराठीतही तो शब्द आहे, हात थांबला नाही. पुस्तक छापून आलं. नागपूरहून आत्याने फोन करून विचारलं, "अगं, ती आई एवढी निष्ठुर का गं?" मी हसून वेळ मारून नेली. त्या कादंबरीत ती आई सगळ्यात मायाळू होती.

नवी फ्लूट मी दोन महिने लांबवली. रोज सकाळी अर्धा तास एकेक लांब सूर, आरशासमोर, ओठ सैल. करंगळीवर पेनाने ठिपका काढला, ती उचलली गेली की दिसावी म्हणून. आधी सगळं बिघडलं. जे सहज येत होतं तेही येईना.

मग पुन्हा दुकानात गेले. वही घरीच ठेवली. तीन फ्लूट मागवल्या, प्रत्येकीवर खालचा सी आणि मधला एफ शार्प, एवढंच वाजवलं. भोकाची कड कशी कापली आहे त्यावर माझा श्वास कुठे फुटतो ते ठरत होतं, आणि तिन्हींत ती वेगळी होती. शेवटी घेतली ती साधीच: चांदीचं डोकं, बंद चाव्या, डावी अनामिका बाहेर, स्प्लिट ई, पाय सीपर्यंतचाच. मींड राहिली. ती बासरीवाल्यांनी काढावी. दुकानदाराने विचारलं, जुनी देणार का? मी नाही म्हटलं.

नवी फ्लूट जास्त बोलते, म्हणजे चूकही जास्त बोलते. जुनीवर जो एफ शार्प झाकोळलेला वाटायचा, तो हिच्यावर सरळ खोटा वाटतो. प्रयोगाच्या दिवशी तो सी लागला. चार मात्रांतली शेवटची जरा थरथरली. दिग्दर्शकाने मान वर केली नाही.

त्याच सुमारास प्रकाशकाने कळवलं, पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे, काही दुरुस्त्या आहेत का? एकच शब्द आहे, मी लगेच लिहिलं. मग मूळ पुस्तक शेजारी ठेवून पुन्हा वाचायला बसले. चाळीस पानं झाली आहेत. नायिका प्रियकराशी दोन दिवस बोलत नाही, तिथे मी "तिचा अभिमान" लिहिलं आहे. बंगालीतला अभिमान म्हणजे आपल्याच माणसावरचा दुखरा रुसवा. मराठीत ती बाई नुसती गर्विष्ठ दिसते. पेन्सिलीच्या खुणा सात झाल्या. प्रकाशकाला मी आणखी महिनाभर मागून घेतला आहे.